पंच्याहत्तरीची भेट: घरातल्या वडीलधाऱ्यांची कॅन्सर तपासणी कुठली करायची, कुठली सोडायची

काकांच्या पंच्याहत्तरीला शांत झाली, जेवणावळ झाली, चांदीचा पेलाही झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात एक मुलगा रक्ताच्या नळ्यांची पेटी घेऊन उभा. अमेरिकेतल्या चुलतभावानं वडिलांना ‘सीनियर सिटिझन पॅकेज’ भेट दिलं होतं. संध्याकाळी मोबाइलवर अठरा पानी रिपोर्ट आला. त्यात एकच आकडा लाल रंगात: पीएसए ६.८, म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो आकडा. काकांना कसलाही त्रास नव्हता. आदल्या दिवशी त्यांनी तीन जिलब्या खाल्ल्या होत्या. पण त्या लाल आकड्यानं पुढचे चार महिने खाल्ले.

त्याच वर्षी मी बार्शीकडे आत्याकडे गेले होते. वय ७१, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षं रोज सकाळी दाताला मिश्री. तिच्या तोंडात आजवर कुणीही, म्हणजे अगदी कुणीही, बॅटरी मारून पाहिलं नव्हतं.

एकाच घरात एकाची नको ती तपासणी झाली आणि दुसरीची हवी ती कधीच झाली नाही. आपल्याकडचा सगळा गोंधळ या दोघांत मावतो. मी डॉक्टर नाही. पण गेल्या सहा-सात वर्षांत घरातल्या चार म्हाताऱ्या माणसांच्या फायली काखेत घेऊन फिरलेय आणि प्रत्येक ठिकाणी प्रश्न विचारून डॉक्टरांना भंडावलंय. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमानं लिहिते. शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या, फक्त काय बोलायचं ते ठरवून जा.

पहिली पायरी: त्रास आहे की नाही?

हे आधी वेगळं काढा, कारण इथेच बहुतेक घरं घसरतात. स्क्रीनिंग म्हणजे काहीही त्रास नसलेल्या माणसाची तपासणी. त्रास असेल तर ते स्क्रीनिंग नाही, तो आजाराचा शोध आहे. या लेखात पुढे वयाच्या ज्या मर्यादा येतील त्या त्रास असलेल्या माणसाला लागू नाहीत.

पाळी जाऊन वीस वर्षं झाली आणि कपड्याला डाग लागला, तर ते ‘उष्णतेनं’ झालेलं नसतं, निदान तसं धरून चालायचं नसतं. लघवीतून रक्त, एकदाच गेलं तरी. शौचातून रक्त, मग मूळव्याध कितीही जुनी असो. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरत नाही. स्तनात गाठ, किंवा बोंड आत ओढलं गेलंय. गिळताना घास अडकतो. कारण नसताना वजन उतरतंय, आणि घरचे म्हणतायत, ‘आता वयच झालं.’ यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टर गाठा. माणूस ८५ वर्षांचं असलं तरीही. निदान झालं तर उपचार सौम्य ठेवता येतात, दुखणं तरी आटोक्यात राहतं.

दुसरी पायरी: जन्मतारीख बाजूला ठेवा, पुढची दहा वर्षं बघा

स्क्रीनिंगचा तोटा आज होतो आणि फायदा पुष्कळ वर्षांनी मिळतो. सगळी मेख इथे आहे. सुई आज टोचते, काळजी आज लागते, तपासायला तुकडा काढला (बायोप्सी) की ताप आज येतो. पण आज सापडलेला बारीक, शांत कॅन्सर जिवावर उठायला आठ-दहा वर्षं लागणार असतील, तर ती वर्षं हातात असणाऱ्यालाच तो सापडल्याचा उपयोग. २०१३ साली मोठ्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून कुणीतरी हे मोजलं. १००० बायकांची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, सुरू केली, तर त्यातला स्तनाच्या कॅन्सरचा एक मृत्यू टळायला सरासरी १०.७ वर्षं जावी लागतात. आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचात लपलेलं रक्त तपासायला सुरुवात केली, तर १०.३ वर्षं.

म्हणून प्रश्न ‘आई किती वर्षांची?’ हा नाही. ‘आई अजून दहा वर्षं बऱ्यापैकी काढेल असं वाटतं का?’ हा आहे. तो विचारणं अभद्र वाटतं, मलाही वाटलं. पण डॉक्टर तो मनात विचारतच असतात. अमेरिकेत यासाठी ई-प्रॉग्नोसिस नावाची संगणकीय गणितंसुद्धा आहेत. ती तिथल्या लोकांवर बेतलेली, आपल्याकडे जशीच्या तशी लागू होत नाहीत, पण ती काय विचारतात हे बघण्यासारखं आहे. बाजारहाट स्वतः करता येतो का? पैशांचा हिशेब ठेवता येतो का? पाव मैल, म्हणजे चारेकशे मीटर, चालता येतं का? गेल्या वर्षात दवाखान्यात भरती व्हावं लागलं का? मधुमेह, दम्यासारखा फुप्फुसाचा जुना आजार, हृदय कमकुवत होणं, धूम्रपान, वजन घटणं. ही सगळी उत्तरं घरातल्यांना पाठ असतात.

आमच्या शेजारच्या वाड्यातल्या आजी ७८ व्या वर्षी स्वतः पापडाचं पीठ कुटतात. त्यांच्या हाती दहा वर्षं असू शकतात. समोरचे गृहस्थ ६६ चे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यांना कुठल्याही कॅन्सरची चाळणी लावणं म्हणजे दमलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक बोचकं ठेवणं.

तिसरी पायरी: एकेक तपासणी वेगळी तोला

‘कॅन्सरची तपासणी’ अशी एक वस्तू नसते. काही तपासण्या स्वस्त, बिनदुखत्या आणि उपयोगी. काही महाग, आणि सत्तरीनंतर बहुतेकांना तोट्याच्या.

*तोंड.* आपल्याकडे सुरुवात इथूनच करावी. तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा, बिडी, दारू यांपैकी काहीही आयुष्यात बरीच वर्षं केलेलं असेल तर तोंड बघायला वयाची अट मी तरी मानत नाही. सुई नाही, उपाशीपोटी जायला नको, खर्च जवळपास शून्य. केरळात तिरुवनंतपुरमला १९९६ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. व्यसन नसलेल्यांत असा फायदा दिसला नाही, हेही लक्षात ठेवा.

घरी बघायचं असेल तर असं बघा. दिवसाउजेडी खिडकीजवळ खुर्चीत बसवा. मोबाइलची बॅटरी, स्टीलचा चमचा आणि एक धुतलेला रुमाल घ्या. कवळी असेल तर आधी काढायला लावा, कारण कवळीखालीच जागा लपलेली असते. खळखळून चूळ भरायला सांगा. मिश्री लावणाऱ्या बाईच्या हिरड्यांवर काळपट थर असतो, तो पुसल्याशिवाय खालचं काही दिसत नाही. खालचा ओठ उलटा करून बघा. चमच्याच्या दांड्यानं गाल बाहेर ओढून गाल आणि हिरडीमधली खाच शेवटच्या दाढेपर्यंत बघा, दोन्हीकडे. जिभेचं टोक रुमालात धरा, हळूच एका बाजूला ओढा, कड बघा, मग दुसरी. जीभ टाळूला लावायला सांगा, खालची ओली जागा बघा. शेवटी टाळू. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, काठ टणक झालेली जखम, एकाएकी हलायला लागलेला दात, किंवा तीन बोटं उभी धरली तर आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यांपैकी काही दिसलं तर दाखवायला न्या. मखमलीसारखा लाल चट्टा दिसला तर जास्त घाई करा. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा वाईट असतो, आणि दुखत नाही म्हणून लोक सोडून देतात.

आत्याच्या डाव्या गालाच्या खाचेत, बरोबर जिथे ती बोटानं मिश्री दाबायची तिथे, पांढरा खरबरीत चट्टा होता. ती म्हणाली, ‘असतंय गं ते, पहिल्यापासनं हाय.’ तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवरची पायरी होती. अर्ध्या तासाच्या छोट्या शस्त्रक्रियेत तेवढा भाग काढला.

*स्तन.* मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून वीस वर्षं एक अभ्यास चालवला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायका त्यात होत्या. मॅमोग्राफी नाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं केलेली तपासणी. २०२१ मध्ये निकाल छापून आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आत मात्र फरक नाही. म्हणजे म्हाताऱ्या बाईची हातानं तपासणी हा ‘मॅमोग्राफी परवडत नाही म्हणून’ केलेला गरिबाचा उपाय नाही.

मॅमोग्राफी सत्तरीपर्यंत धडधाकट बाईनं दोन वर्षांनी करावी असं बरेच देश सांगतात. अमेरिकेतल्या सरकारनियुक्त तज्ज्ञगटाची मर्यादा ७४ वर्षं आहे आणि त्यापुढे पुरेसा पुरावा नाही असं तो म्हणतो. इंग्लंडमध्ये ७१ वा वाढदिवस झाला की बोलावणं आपोआप थांबतं, मागितलं तर मिळतं. वयानं स्तनातला घट्ट भाग कमी होतो, त्यामुळे फिल्म अधिक स्वच्छ दिसते, हा म्हातारपणाचा फायदा. तोटा असा की जन्मात कधी वर आल्या नसत्या अशा बारीक गाठीही स्वच्छ दिसतात, आणि एकदा दिसली की कुणी ती सोडत नाही.

*गर्भपिशवीचं तोंड.* इथे बहुतेक परदेशी नियम ६५ ला थांबा म्हणतात. पण ते वाक्य अर्धवट वाचू नका. त्यामागे अट आहे: आधीच्या दहा वर्षांत नियमित तपासण्या होऊन त्या स्वच्छ आलेल्या असाव्यात. आपल्या आया-आत्यांची एकही झालेली नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के. स्तनाची ०.९, तोंडाची ०.९. आणि त्या पाहणीत पन्नाशीपुढच्या बायकांना हा प्रश्न विचारलेलाच नाही. त्या मोजणीतसुद्धा नाहीत.

म्हणून ६८ वर्षांची, हिंडतीफिरती, कधीच न तपासलेली बाई असेल तर एकदा तपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. कुठली करायची हेही महत्त्वाचं. सरकारी शिबिरात सहसा व्हिनेगरसारखा द्राव लावून डोळ्यांनी बघतात. पाळी गेल्यावर बघायची ती जागा आत सरकते, त्यामुळे म्हाताऱ्या बाईत ही पद्धत आंधळी ठरू शकते. तिथे एचपीव्ही (या कॅन्सरमागच्या विषाणूची) किंवा पॅप (तिथल्या पेशींची) तपासणी बरी. एचपीव्ही तपासणीचा जगाला दाखला दिला तो आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यानं. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय संशोधकांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाच एचपीव्ही तपासणीनं पुढच्या आठ वर्षांतले या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या तपासणीनं!

दोन व्यवहारातल्या गोष्टी. गर्भपिशवी काढलेली असेल तर जुने कागद शोधा: पिशवीचं तोंडही काढलं होतं का? कॅन्सर नसताना तोंडासकट काढली असेल तर ही तपासणी नकोच. बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी २०१९ साली गाजली, पण तरुणपणीच पिशवी काढलेल्या बायका सगळ्या जिल्ह्यांत आहेत आणि कागद क्वचितच कुणाकडे असतात. तेव्हा डॉक्टरांना ‘तपासून तोंड आहे का ते सांगा’ असं सरळ म्हणा. दुसरं, म्हातारपणी त्या जागेला कोरड पडते, उपकरण घालताना खरंच दुखतं. ‘लहान आकाराचं घ्या’ असं सांगायची लाज नको. काही डॉक्टर आधी दोन-तीन आठवडे लावायला मलम देतात. एचपीव्हीचा नमुना काही ठिकाणी बाईला स्वतःच घेता येतो. गुडघे वाकत नसतील तर ते टेबलावर चढायच्या आधी सांगा, चढल्यावर नाही.

*प्रोस्टेट.* आता काकांकडे येते. चुलतभावाचं म्हणणं होतं, ‘अमेरिकेत सगळे करतात.’ तर त्याच अमेरिकेतला तो तज्ज्ञगट २०१८ पासून सांगतोय की ७० वर्षांपुढच्या पुरुषांत पीएसएनं स्क्रीनिंग करू नका. ५५ ते ६९ मध्येही करायचं का ते माणसानं डॉक्टरांशी बोलून ठरवावं. त्यांचाच हिशेब असा: ५५ ते ६९ वयाचे १००० पुरुष तेरा वर्षं तपासत राहिलो तर साधारण २४० जणांचा पीएसए कधी ना कधी वर येतो. १०० जणांत कॅन्सर सापडतो. ८० जण आज ना उद्या शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतात. त्यातल्या सुमारे ५० जणांचं लैंगिक आयुष्य बिघडतं, १५ जणांचा लघवीवरचा ताबा जातो. तीन जणांत कॅन्सर पसरणं टळतं. मृत्यू टळतो एकाचा, फार तर दोघांचा. पाच जण एवढं करूनही त्याच कॅन्सरनं जातात. सत्तरीपुढे फायद्याची बाजू आणखी आक्रसते आणि तोट्याची फुगते.

काकांना हे कुणी नळी भरायच्या आधी सांगितलं नाही. एका दवाखान्यात गुदद्वारातून सुई घालून बारा तुकडे काढले. त्या रात्री हुडहुडी भरून ताप, तीन दिवस भरती. रिपोर्ट आला: दोन तुकड्यांत थोडासा, सौम्य जातीचा कॅन्सर. ‘पुढच्या सोमवारी ऑपरेशन’ अशी तारीखही मिळाली. आम्ही दुसरीकडे दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी फाइल मिटून काकांना विचारलं, ‘तुम्हाला काय होतंय?’ काका म्हणाले, ‘काहीच नाही, हा ताप सोडून.’ लक्ष ठेवायचं ठरलं. काका आता ७९ चे आहेत. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासाचा १५ वर्षांचा निकाल २०२३ मध्ये आला, तो मला नंतर कळला: पीएसएमुळे सापडलेला, न पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या १६४३ पुरुषांत नुसतं लक्ष ठेवा, ऑपरेशन करा की किरण द्या, त्या कॅन्सरनं मेले एकूण २.७ टक्के, आणि गटागटांत फरक नाही.

पीएसए झालाच असेल आणि वर आला असेल तर घाबरून तुकडा काढायला जाऊ नका. लघवीचा संसर्ग, नळी घातलेली असणं, नुसती वाढलेली प्रोस्टेट यांनीही तो वाढतो. काही आठवड्यांनी पुन्हा करा. मग एमआरआय आधी करता येईल का ते विचारा. उलट, प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर पीएसए साधारण निम्मा दिसतो. गोळ्यांची पाकिटं दाखवल्याशिवाय रिपोर्ट वाचून घेऊ नका.

*आतडं आणि फुप्फुस.* आतड्याच्या कॅन्सरसाठी आपल्याकडे सरकारी कार्यक्रम नाही. परदेशी राहणाऱ्या आईवडिलांना मात्र पत्र येतं. अमेरिकेत तपासणीचा सल्ला ७५ पर्यंत सर्वांना, ७६ ते ८५ मध्ये निवडक लोकांनाच, पुढे नाही. आतड्यात दुर्बीण घालायच्या (कोलोनोस्कोपी) आदल्या दिवशीचं पोट साफ करणं हेच म्हाताऱ्या माणसाला झोपवतं: रात्री चार-पाचदा उठणं, पाणी कमी होणं, संडासच्या वाटेवर पडणं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. फुप्फुसाचा कमी किरणांचा सीटी फक्त वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट-बिडी ओढलेल्यांसाठी. अमेरिकेतल्या ज्या चाचणीनं मृत्यू २० टक्के घटल्याचं दाखवलं, त्यातच संशयास्पद आलेल्या सीटींपैकी ९६ टक्के शेवटी कॅन्सर नव्हते. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग छातीत घेऊन फिरणारी माणसं किती, याचा विचार करा.

*पॅकेजमधलं बाकीचं.* सीए-१२५, सीईए, सीए १९-९ हे ‘कॅन्सर मार्कर’ निरोगी माणसात शोध घेण्यासाठी नाहीत. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी सीए-१२५ आणि सोनोग्राफी लावून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये प्रचंड चाचण्या झाल्या, मृत्यू कमी झाले नाहीत. गळ्याची सोनोग्राफी तर टाळाच. दक्षिण कोरियात ती स्वस्तात जोडून द्यायला लागले आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरची निदानं १९९३ च्या पंधरा पट झाली. मृत्यू होते तिथेच राहिले. मधल्या फरकातली माणसं गळा कापून घेऊन जन्मभर गोळी खातायत.

चौथी पायरी: नळी भरायच्या आधीचे प्रश्न

डॉक्टरांना, आणि मग घरी ज्यांची तपासणी आहे त्यांना, हे विचारा. रिपोर्ट बिघडलेला आला तर पुढची तपासणी कुठली, आणि ती यांना झेपेल का? कॅन्सर निघालाच तर या वयात कुठला उपचार द्याल? तो यांना हवाय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर पहिली नळीही भरू नका. आमच्या ओळखीच्या एका ८३ वर्षांच्या बाईंनी मुलाला ठणकावलं, ‘मला काही निघालं तरी मी कापून घेणार नाही, मग बघायचंच कशाला?’ त्यांचं तर्कशास्त्र मला अनेक सल्लागारांपेक्षा बरं वाटलं.

प्रश्न त्यांना विचारा, त्यांच्या डोक्यावरून एकमेकांना नको. स्मृतिभ्रंश असेल तर पूर्वी ते माणूस काय म्हणायचं ते आठवा.

पाचवी पायरी: जे करायचं ठरलं ते घडवून आणणं

आत्या यायला तयार नव्हती. ‘नसतं दुखणं उकरून काढायचं कशाला?’ मग ‘गड्यामाणसापुढं तोंड वासायचं?’ मग ‘आता सुगी हाय.’ तिन्ही कारणं खरी होती, एकही बहाणा नव्हता. सुगी संपू दिली. बाई डॉक्टर कधी बसतात ते विचारून घेतलं. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जायचंच होतं, त्याच दिवशी तोंड दाखवलं. खोटं सांगून मात्र नेऊ नका. एकदा फसवलेलं म्हातारं माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

गावात आशाताईंना गाठा. तिशीपुढच्या माणसांचा तंबाखू, तोंडातली जखम, स्तनातली गाठ असे प्रश्न असलेला फॉर्म त्या भरतात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात तपासणी फुकट होते. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तोंड, स्तन आणि गर्भपिशवीचं तोंड यांसाठी वय ३० ते ६५ धरलंय, दर पाच वर्षांनी. पण ७१ वर्षांच्या मिश्रीवाल्या बाईनं तोंड दाखवायला जाऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. मागा. तिथे जमलं नाही तर कुठलाही दंतवैद्य पाच मिनिटांत तोंड बघून देतो. सोबत बाईमाणूस असू द्या. चालू गोळ्यांची पाकिटं, चष्मा, ऐकण्याचं यंत्र घ्या. आणि रिपोर्ट कधी, कुणाच्या फोनवर येणार ते निघायच्या आधी विचारा. आत्याचा पहिला रिपोर्ट तिच्या बंद पडलेल्या नंबरवर गेला होता आणि पाच आठवडे कुणाला पत्ता नव्हता.

सहावी पायरी: वाईट रिपोर्ट आला तर

आठवडा-पंधरवडा थांबल्यानं स्क्रीनिंगमध्ये सापडलेल्या बहुतेक गोष्टींत काही बिघडत नाही, तेव्हा दुसरं मत घ्या. ‘ही गाठ वाढून यांना त्रास द्यायला किती वर्षं लागतील?’ हा प्रश्न विचारा. ‘लक्ष ठेवणं’ हा उपचार आहे, हयगय नाही, हे नातेवाइकांना फोनवर सांगायची तयारी ठेवा. आमच्या चुलतभावाला मला ते चारदा सांगावं लागलं. उपचार लागलेच तर ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण आहे. कार्ड आधारवरून निघतं, आजारपण यायच्या आधी काढून ठेवा.

सातवी पायरी: थांबायचं कसं

वर्षानुवर्षं करत आलेली तपासणी थांबवा म्हटलं की माणसाला वाटतं, आपल्याला सोडून दिलं. अमेरिकेत संशोधकांनी म्हाताऱ्या माणसांनाच विचारलं, हे कसं सांगावं? ‘फायदा मिळण्याइतके तुम्ही जगणार नाही’ हे वाक्य लोकांना नको होतं. ‘या तपासणीनं तुमचं आयुष्य वाढणार नाही’ हे चाललं. मराठीत काकांच्या डॉक्टरांनी आणखी सोपं सांगितलं, ‘पीएसए आता पुरे. गुडघे आणि साखर बघू, पडायचं नाही एवढं सांभाळू.’

मग ते कागदावर आणा, नाहीतर पुढच्या वाढदिवसाला पुन्हा कुणीतरी पॅकेज पाठवतं. फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहा: काय झालंय, केव्हा, निकाल काय, पुढची केव्हा, आणि काय करायचं नाही. आत्याच्या पानावर ‘तोंड, दर सहा महिन्यांनी’ आहे. खाली तिनंच नातवाकडून लिहून घेतलंय, ‘मिश्री बंद केली.’ ते पूर्ण खरं नाही, रविवारी लावते. लक्ष ठेवायचं म्हणून काकांचा पीएसए सहा महिन्यांनी होत असे. गेल्या दिवाळीत त्यांनी डॉक्टरांशी बोलून तोही बंद केला. त्यांच्या पानावर त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात एकच ओळ आहे, खाली सही: ‘त्रास झाल्याशिवाय पीएसए करू नये. मुलाला कळवले आहे.’